गॅलरीतल्या सिस्टर

गृहपाठ करता करता एखादं मूल रडकुंडीला आलं, की परुळेकर सिस्टर त्याच्या शेजारी मांडी घालून बसायच्या आणि विचारायच्या, "कुठं दुखतंय?"

मूल बोट ठेवायचं. कुणाचं बोट हातच्याच्या वजाबाकीवर, कुणाचं इंग्रजी स्पेलिंगवर, कुणाचं नुसत्याच कोऱ्या पानावर. सिस्टर वाकून बघायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि गंभीरपणे म्हणायच्या, "हां, इथं होय. इथं सगळ्यांनाच दुखतं." तेवढ्यानं अर्धं रडं थांबायचं.

त्या खरोखरच्या सिस्टर होत्या. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नव्हतं. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. काळाचौकीच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली होती आणि तिच्या दोन दारं पलीकडे आमची. नाव कुंदा, पण चाळीत त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मोठ्यांच्या त्या 'सिस्टर' आणि पोरांच्या 'सिस्टर आजी'. निवृत्त झाल्यावरही नर्सेसचं ते छातीवर उलटं लावायचं घड्याळ त्या साडीच्या पदराला अडकवायच्या. चालणं भरभर, बोलणं हळू. चिडल्या की मालवणी आणि फारच चिडल्या तर गप्प.

निवृत्तीनंतर पहिले काही महिने त्या नुसत्या गॅलरीत उभ्या असायच्या. नोकरीत असताना संध्याकाळची चाळ त्यांनी कधी धड बघितलीच नव्हती. ती आता दिसायला लागली, त्याहून जास्त ऐकू यायला लागली. सातच्या सुमाराला प्रत्येक खोलीत सिरियल लागायची, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि त्या सगळ्याच्या वर आयांचे आवाज चढायचे. "किती वेळा सांगितलं?", "डोक्यात बटाटे भरलेत का?" वगैरे.

आमच्या समोरच्या बाजूला वैशाली गावडे राहायची. तिचा अथर्व तेव्हा दुसरीत होता. एका संध्याकाळी आठचा पाढा चालला होता. सहावर गाडी अडायची, फटका बसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. फटक्यांचा आवाज गॅलरीभर येत होता. कुणी काही बोलत नव्हतं, कारण थोड्याफार फरकानं सगळ्यांच्या घरी तेच होतं. सिस्टर हातात चटई घेऊन गावड्यांच्या दारात गेल्या.

"वैशाली, तो अथर्व दे जरा बाहेर. खोली फार तापलीय."

"सिस्टर, तुम्ही मध्ये पडू नका. परवा टेस्ट आहे. ओरडल्याशिवाय हा करतच नाही."

"ओरडून पोरं बरी झाली असती, तर आमचा वॉर्ड संध्याकाळपर्यंत रिकामा झाला असता गं," सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू. "तासभर दे. नाही जमलं तर परत आणून देते. मग हाण हवं तेवढं."

अथर्व बाहेर आला. सिस्टरांनी त्याला पाणी पाजलं, तोंड धुवायला लावलं, एक केळं दिलं. उपाशीपोटी औषधही देऊ नये आणि गणितही, हे त्यांचं ठाम मत. मग चटईवर त्याच्या शेजारी स्वतः एक पुस्तक घेऊन बसल्या. पाढ्याचं नाव काढलं नाही. थोड्या वेळानं अथर्वच म्हणाला, "आजी, आठ सक किती?" त्या म्हणाल्या, "आठ पंचे येतं ना? त्यात आणखी आठ घाल. मी थांबते." आणि थांबल्या. हे थांबणं आमच्या चाळीला नवीन होतं. आम्ही सगळे उत्तर माहीत असलेले लोक. थांबणं आम्हाला कधी जमलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अथर्व आपणहून चटई मागायला गेला. त्याच्यामागून माझा मल्हार गेला, मग खालच्या मजल्यावरची पोरं आली. पावसाळा संपेस्तोवर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत संध्याकाळी सात ते आठ या तासात पाय ठेवायला जागा राहिली नाही.

सिस्टरांनी पोरांना शिकवलं म्हणावं, तर तसं त्या फारसं काही शिकवत नसत. त्या बसवत. पाय धुऊन, खाऊन, शू करून यायचं. ज्याचा सगळ्यात कंटाळा येतो तो विषय पहिला काढायचा. "मोठं इंजेक्शन आधी. मग रडायला काही उरत नाही." पहिलीतल्या पोरांना त्या जेमतेम दहा मिनिटं बसवत. मग नाडी बघितल्यासारखं मनगट धरून, पदरावरच्या घड्याळात बघून जाहीर करत, "डिस्चार्ज!" ते चिमुरडं मग दप्तर भरून राजासारखं घरी जायचं. दुसरी-तिसरीतल्यांना आणखी थोडं जास्त. डिस्चार्ज लवकर मिळाल्यामुळे नाराज होऊन आणखी बसू द्या म्हणणारी पोरंही मी पाहिली आहेत.

गृहपाठ झाला की उरलेला वेळ वाचनाचा. एका जुन्या ट्रंकेत त्यांनी गोष्टींची पुस्तकं जमवली होती, त्यातलं हवं ते काढायचं, नको वाटलं तर अर्धं टाकायचं. वाचून झाल्यावर प्रश्न विचारायला त्यांची सक्त बंदी. एकदा मी मल्हारला विचारलं, "मग काय बोध घेतलास?" सिस्टर पलीकडून म्हणाल्या, "जेवल्यावर कुणी पोट उघडून बघतं का गं?"

मोठ्या माणसांना गॅलरीत प्रवेश होता, पण एका अटीवर. आपापलं काहीतरी वाचायचं किंवा लिहायचं आणि फोन सिस्टरांच्या तांदळाच्या डब्यात ठेवायचा. "तू मोबाइल बघणार नि तो पुस्तक बघणार, असं कसं होईल? पोरं आपलं ऐकत नाहीत, आपल्याकडे बघतात." वैशालीनं एकदा अथर्वचा थर्माकोलचा किल्ला स्वतःच करायला घेतला. सिस्टरांनी तिला चटईवर जागा करून दिली. "बस. तुझा गृहपाठ तू कर. अथर्वा, तू आज खेळायला जा." सगळी पोरं हसली, वैशालीही हसली आणि किल्ला अथर्वच्या हातात गेला. तो वाकडा झाला. सिस्टरांनी त्याचं नाव 'वाकडगड' ठेवलं आणि अथर्वनं तो शाळेत त्याच नावानं नेला.

'हुशार' या शब्दाचा त्यांना राग होता. एखादी आई म्हणाली, "माझा तसा हुशार आहे हो, पण..." की त्या तिथंच तोडायच्या. "हुशार नको सांगू. रोज बसतो का ते सांग."

तन्वीची गोष्ट सांगितल्याशिवाय सिस्टर पुऱ्या होत नाहीत.

तन्वी आमच्याच चाळीतल्या रुपेशची मुलगी. रुपेशचा साउंडचा धंदा. काळाचौकीपासून डिलाईल रोडपर्यंत लग्न, पूजा, दहीहंडी, काहीही असो, स्पीकर रुपेशचे. आमच्या मंडळाचे तर हक्कानं. आठवीत शाळा सोडलेला, मनानं दिलदार, बोलणं मोठ्यानं. बायको एका मॉलमध्ये संध्याकाळच्या पाळीला, त्यामुळे त्या वेळी तन्वी त्याच्याकडे. ती तिसरीत होती आणि रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. शाळा बुडत होती. शेवटी रुपेश तिला घेऊन सिस्टरांकडे आला.

"सिस्टर, तुम्ही एवढी वर्षं पोरंच बघितलीत. हिचं जरा बघा ना. सुट्टीच्या दिवशी ठणठणीत असते."

सिस्टरांनी पोट दाबून बघितलं. मग म्हणाल्या, "आज शाळेत काय वाचलंत?"

तन्वीनं पुस्तक उघडलं आणि धडा घडाघडा वाचला. एकही चूक नाही. रुपेशची छाती फुगली. सिस्टर "छान" म्हणाल्या आणि बोलता बोलता दोन पानं उलटून म्हणाल्या, "अजून थोडं वाच बघू." तन्वी तितक्याच झपाट्यानं वाचत राहिली. पण तोच, आधीचाच धडा. डोळे पानावर होते आणि पान दुसरंच होतं.

सिस्टरांनी तिला लाडू दिला, खेळायला पाठवलं. मी तेव्हा विरजण मागायला आले होते, म्हणून हे मला दिसलं. रुपेश भिंतीला टेकून खाली बसला.

"म्हणजे तिला वाचताच येत नाय?"

"अक्षरं येतात, पण जुळत नाहीत. दुसऱ्यांचं ऐकून सगळं पाठ करते. केवढी मेहनत करत असेल रे ती! रोज सकाळी भीती वाटते, आज पकडली जाणार. मग पोट दुखणार नाही तर काय होईल?"

"मी काय करू? मला कुठं येतंय शिकवायला? मी स्वतः पेपर वाचताना मध्येच सोडून देतो."

"तू वाचू नको. तिचं ऐक. रोज दहा मिनटं. तिला न येणारं पुस्तक घ्यायचं, पाठ नसलेलं. चुकली तरी बोलायचं नाही, अडली तरी सांगायचं नाही. अगदीच हताश झाली तर शब्द सांगून पुढं जायचं."

"फक्त ऐकायचं?"

"तू साउंडवाला ना? लांबून तुला कळतं कुठला स्पीकर फाटलाय. मग? ऐकायला डिग्री लागत नाही, कान लागतात."

रुपेश गॅलरीत येऊन बसायला लागला. एवढा आडवा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन, फोन तांदळाच्या डब्यात, डोळे मिटून ऐकतोय. सुरुवातीचे आठवडे फार वाईट होते. तन्वी एका ओळीवर घामेजून जायची, पुस्तक फेकायची. "पप्पा, तुम्हीच सांगा ना!" रुपेशच्या ओठांपर्यंत शब्द यायचा आणि तो गिळायचा. एकदा तर तो उठून गॅलरीच्या टोकाला गेला आणि कठड्याला पाठ लावून उभा राहिला. सिस्टर त्याच्यामागून गेल्या.

"कित्याक रडतंस?" त्यांनी विचारलं.

"बघवत नाय हो सिस्टर."

"अरे, प्लास्टर काढल्यावर पोर पहिलं पाऊल टाकतं ना, तेव्हा आईबापांना आम्ही बाहेर उभं करायचो. तू तर आत बसलायस. चल."

पुढे एकदा रुपेशच मोठा शोध लागल्यासारखा सांगत आला. "सिस्टर, कळलं मला. झरझर म्हणते तेव्हा ते पाठ असतं. अडखळते तेव्हा ती खरं वाचते." सिस्टरांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "पास झालास तू."

तन्वीचं पोट हळूहळू दुखायचं थांबलं. कधी थांबलं ते कुणालाच नेमकं सांगता यायचं नाही. शाळेत मात्र तिच्यावर अजून कुणाचा विश्वास नव्हता. आता ती पाठ म्हणणं सोडून खरं वाचत होती, म्हणजे अडखळत होती. "मागं पडली" असा निरोप आला. रुपेश हादरला. सिस्टर म्हणाल्या, "मागं नाही. ती आता पहिल्यांदा रस्त्यावर आलीय."

त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीनंतर लगेच चाचणी होती. आणि आमच्याकडे गणपती म्हणजे काय ते सांगायला नको. मंडप चाळीच्या दाराशी, स्पीकर दोन्ही अंगांना, संध्याकाळी बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. दरवर्षी त्या दिवसांत पोरांची बसायची सवय मोडायची आणि पुन्हा लावताना दिवाळी यायची. सिस्टर मंडळाच्या मीटिंगला गेल्या. चाळीतल्या बायकाही मागे जाऊन उभ्या राहिल्या, मीही होतेच.

"सात ते आठ स्पीकर बंद ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "आरती आठला करा. पोरं मंडपातच बसतील, देवासमोर. देव विद्येचाच आहे."

एकच गलका झाला. भाऊ सावंत मंडळाचे अध्यक्ष, जुने गिरणी कामगार, मिशी अजून काळी करणारे. ते उभे राहिले. "सिस्टर, तुमचा मान आहे. पण ऐन गर्दीच्या टायमाला स्पीकर बंद? पलीकडच्या गल्लीतलं मंडळ हसेल आपल्याला. म्हणतील, सुतक असल्यासारखे काय बसलेत. अभ्यास काय, दहा दिवसांनी पण होतो."

"भाऊ, अँटिबायोटिक मध्ये दहा दिवस सोडलं तर चालतं?"

"ते वेगळं."

"वेगळं नाही," सिस्टर म्हणाल्या. पण त्यांचा हळू आवाज त्या गोंधळात कुणाला ऐकू गेला कोण जाणे. हात वर करायची वेळ आली. आमच्या बाजूनं थोडे होते. मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रुपेश उभा होता.

"भाऊ, मतदान कशाला करताय? स्पीकर माझे आहेत ना? सात ते आठ बंद."

"रुपेश, धंदा तुझा, पण मंडळ सगळ्यांचं!"

"मग दुसरे स्पीकर आणा," रुपेश म्हणाला, आणि गंमत म्हणजे हे त्यानं अगदी हळू आवाजात म्हटलं. "माझी पोरगी वाचायला लागलीय, भाऊ. दहा दिवस गॅप नाय परवडणार."

त्याच्या आवाजातलं काहीतरी भाऊंना लागलं असावं. ते खाली बसले आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "एक दिवस बघू."

पहिल्या संध्याकाळी सात वाजता स्पीकर थांबले, तेव्हा आख्खी गल्ली दचकली. समोरच्या इमारतीतून लोक खिडकीत आले. वाण्यानं दुकानातून पोऱ्या पाठवला, "कोण गेलं का हो?" दर्शनाला आलेली माणसं चपला काढून मंडपात आली, तर गणपतीसमोर चटया आणि चटयांवर वाकलेली डोकी. माणसं आपोआप दबक्या पावलांनी पुढे सरकायला लागली. एका बाईनं नारळ ठेवताना आवाज झाला म्हणून पोरांचीच माफी मागितली. दोन दिवसांत बाहेरची पोरंही दप्तरं घेऊन यायला लागली. 'एक दिवस बघू' म्हणणारे भाऊ तिसऱ्या दिवशी मंडपाच्या तोंडाशी खुर्ची टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याला "हळू, हळू" म्हणत बसलेले दिसले.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी आरतीच्या आधी रुपेशनं माइक चालू केला आणि तन्वीला पुढं केलं. हे तिनंच मागितलं होतं. सिस्टरांना ते पसंत नव्हतं. "पोरीचा तमाशा नको," त्या म्हणाल्या होत्या. तन्वी ऐकेना. "मला वाचायचंय. पाठ नाय, खरं." मग सिस्टरांनी ट्रंकेतलं नवं, कुणी न वाचलेलं पुस्तक भाऊंच्या हातात दिलं. "तुम्ही उघडा. कुठलंही पान."

भाऊंनी मधलंच पान उघडलं. एका खेकड्याची गोष्ट होती. तन्वी वाचायला लागली. दोन-तीन ओळी नीट गेल्या. मग 'आश्चर्यचकित' हा शब्द आला आणि ती थांबली.

मंडप भरलेला. माइकवर तिचा श्वास ऐकू येत होता. पुढं उभ्या असलेल्या बायकांचे ओठ हलायला लागले. त्यांना तो शब्द तिच्या तोंडात घालायचा होता. रुपेशनं साउंडच्या मिक्सरमागून दोन्ही हात वर करून सगळ्यांना थोपवलं. आणि तो हसत होता. आख्ख्या मंडपात त्या अडखळण्यानं खूश झालेला तो एकटाच माणूस.

"आश्... आश्चर्... य... आश्चर्य. चकित. आश्चर्यचकित!"

मग जो आवाज झाला, त्याला रुपेशच्या स्पीकरची गरज नव्हती. भाऊ सावंत टाळ्या वाजवत होते, वैशाली डोळे पुसत होती, अथर्व शिट्ट्या मारत होता. सिस्टर तेवढ्या तन्वीच्या मागं उभ्या राहून म्हणत होत्या, "हां, झालं. आता पुढची ओळ." तन्वीनं पान पुरं केलं. खेकड्याचं पुढे काय झालं हे ऐकायचं राहिलं म्हणून भाऊंनी आणखी एक पान वाचायला लावलं आणि त्या दिवशी आरतीला चांगलाच उशीर झाला.

चाचणीत तन्वी कशीबशी पास झाली. पण प्रश्न तिनं स्वतः वाचले होते. त्याचे पेढे रुपेशनं चाळभर वाटले. पुढच्या वर्षी भाऊंनी 'आमच्या मंडळाचा शांत तास' म्हणून फ्लेक्स लावला, त्यावर स्वतःचा फोटो छापला आणि पलीकडच्या गल्लीतल्या मंडळानं हसणं सोडून तोच तास उचलला. सिस्टर फ्लेक्सखालून जाताना म्हणाल्या, "मिशी चांगली आलीय."

नंतर चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. माणसं भाड्याच्या घरांत पांगली, कुणी कळव्याला, कुणी भांडुपला. सगळ्यांना वाटलं, आता हे संपलं. सिस्टर निघायच्या आधी घरोघरी फिरल्या आणि डिस्चार्ज देताना सांगावं तसं सांगत गेल्या, "बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. घरी चालू ठेवा." काही महिन्यांनी मी त्यांच्या शिवडीच्या भाड्याच्या खोलीवर गेले असताना रुपेशचा फोन आला. तो कळव्याहून ओरडत होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"सिस्टर, तन्वी खालच्या पार्किंगमध्ये चटई टाकून बसते, तर बिल्डिंगमधली आणखी पोरं येऊन बसलीत! मी काय करू?"

"खायला दे आणि ऐक," सिस्टर म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर कळव्याला पाठवायला ट्रंकेतली पुस्तकं निवडायला लागल्या.

चाळीच्या जागी टॉवर झाला तोवर आम्ही नोकरीमुळे नाशिकला गेलो होतो. मागच्या वर्षी सिस्टरांना भेटायला म्हणून मी त्या टॉवरमध्ये गेले. संध्याकाळ होती. वर जाताना मनात धाकधूक होती. इथं गॅलरी नाही, दारं बंद, एकमेकांचे आवाज ऐकू येत नाहीत. सिस्टरांनी इथं काय करायचं? बाराव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं.

समोरच्या लॉबीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चटया होत्या. मी न पाहिलेली पोरं. चांगल्या कपड्यांतली, इंग्रजी पुस्तकं घेतलेली, त्यांच्यात सफाईवाल्या बाईची मुलगी आणि एका कोपऱ्यात लॅपटॉप मिटून, हातात कादंबरी घेतलेला कुणीतरी बाप. सिस्टर भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस आता पूर्ण पांढरे, समोर पुस्तक, भिंग लावून वाचत होत्या. एका पोरानं त्यांची बाही ओढली आणि वहीवर बोट ठेवलं. त्या वाकल्या, मान हलवली, काहीतरी म्हणाल्या. पोरगं परत वहीकडे वळलं. त्या थांबल्या होत्या.

त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. आठ वाजायला अजून वेळ होता. लिफ्टचं दार माझ्यासमोर मिटायला लागलं आणि मी ते मिटू दिलं. खाली कट्ट्यावर बसून राहीन, म्हटलं, तास संपेपर्यंत.